त्या सीनमध्ये डी निरोपेक्षा भारी कोण होतं, यावर माझं मत

‘गॉडफादर’च्या दुसऱ्या भागावर गप्पा सुरू झाल्या की गाडी डी निरोवर येऊन थांबते. त्याचा तो संथ आवाज, न बोलता समोरच्याकडे बघत राहणं, ऑस्कर वगैरे वगैरे. सगळं मान्य. पण त्या घरमालकाच्या सीनबद्दल माझं मत ठाम आहे. तो सीन डी निरोचा नाहीच. तो सिन्योर रोबेर्तोचा आहे, म्हणजे लिओपोल्दो त्रिएस्ते नावाच्या नटाचा.

सीन आठवतोय ना? कुत्रा पाळला म्हणून एका विधवेला खोली खाली करायला सांगितलेली असते. तरुण व्हिटो, म्हणजे डी निरो, रस्त्यात घरमालकाला गाठून अगदी अदबीने तिच्यासाठी शब्द टाकतो. हा पठ्ठ्या आधी टाळतो, मग कुत्र्याचा विषय निघाल्यावर भडकतो, व्हिटोला चार शब्द सुनावतो. व्हिटो एवढंच म्हणतो, की माझ्याबद्दल आजूबाजूला जरा चौकशी करा. पुढच्या वेळी दिसतो तो व्हिटोच्या ऑफिसात. चौकशी करून आलाय हे कुणी सांगायची गरजच नाही, चेहरा सांगतो. बाई राहू दे, कुत्राही राहू दे, भाडं आधीचंच. समोरून काहीच उत्तर नाही. मग भाडं पाच डॉलरने उतरतं. तरी उत्तर नाही. मग दहाने. हसू चेहऱ्यावर चिकटवलेलं, डोळे मात्र केव्हाच पळून गेलेले. आणि एवढं सगळं सुखरूप पार पडल्यावर, बाहेर पडताना त्याला दारच उघडता येत नाही. त्या दाराशी झटापट करणारा तो माणूस बघा एकदा. मला हसू येतं आणि लगेच त्या हसण्याचीच लाज वाटते.

आता मला सांगा, डी निरो तिथे काय करतो? जवळपास काहीच नाही. बसून राहतो. दहशत ही दाखवायची गोष्टच नाही, ती दुसऱ्याच्या तोंडावर उमटावी लागते. व्हिटो ‘डॉन’ झाला हे आपल्याला कळतं ते या घरमालकाच्या घामामुळे. संवाद इटालियनमध्ये आहेत, आपण खालची सबटायटल्स वाचतो. पण सबटायटल्स झाकून बघितला तरी सीन शंभर टक्के कळतो.

गंमत म्हणजे या माणसाला नट व्हायचंच नव्हतं. जन्म 1917 चा, इटलीच्या पार दक्षिणेला रेज्जो कालाब्रियातला. महायुद्ध संपल्यानंतरच्या वर्षांत रोममध्ये नाटककार म्हणून त्याचं नाव होऊ लागलं होतं. गंभीर नाटकं, युद्धाने पोळलेली माणसं, असा मामला. अशात इटालियन दिग्दर्शक फेलिनीने त्याला ‘द व्हाइट शेख’ मध्ये (1952) उभा केला. मधुचंद्राला रोममध्ये आलेला गावाकडचा नवरा, इव्हान काव्हाल्ली. पठ्ठ्याने सगळा दिवस मिनिटामिनिटाने आखून ठेवलाय: नातेवाइकांच्या भेटी, मग पोपचं दर्शन. आणि बायको हॉटेलातून पसार! ती गेलीय चित्रकथेतल्या आपल्या लाडक्या नायकाला बघायला. तो नायक म्हणजे अल्बेर्तो सोर्दी. इकडे हा काकांना थापा मारतोय की ती आजारी आहे, झोपलीय, डोकं दुखतंय. मध्येच बिगुल वाजवत धावत येणारी सैनिकांची तुकडी त्याला स्वतःबरोबर रेटत नेते. सोर्दी पुढे इटलीचा केवढा मोठा स्टार झाला. तरी मला या सिनेमातून आठवतात ते त्रिएस्तेचे बाहेर आलेले डोळे. अब्रू जाईल या भीतीने अर्धमेला झालेला मध्यमवर्गीय माणूस. आपल्या सोसायटीत असे चार तरी सापडतील, असो.

सिनेमा तेव्हा चालला नाही. पण फेलिनीने पुढच्याच वर्षी ‘ई व्हितेल्लोनी’मध्ये त्याला परत घेतलं. समुद्रकाठच्या गावात रिकामटेकडे फिरणारे पाच मित्र, त्यातला एक नाटककार, आणि नावही लिओपोल्दोच! खऱ्या नाटककाराला पडद्यावर फसलेला नाटककार करायला लावायचं, हा फेलिनीचा खट्याळपणा म्हणा की दुष्टपणा. गावात एक म्हातारा नामवंत नट येतो. लिओपोल्दो त्याला खाणावळीत गाठून आपलं नाटक वाचून दाखवायला बसतो. मित्र एकेक करून सटकतात, हा वाचतोच आहे. शेवटी तो बुजुर्ग त्याला रात्री वाऱ्यात समुद्राकडे चल म्हणतो, आणि म्हाताऱ्याला नाटकापेक्षा भलत्याच गोष्टीत रस आहे हे त्याच्या हळूहळू लक्षात येतं. तो पळत सुटतो. त्याच्या चेहऱ्यावर घाबरणं आहेच, पण त्याहून मोठं दुःख हे की नाटक कुणी ऐकलंच नव्हतं. ज्याने स्वतः रात्री जागून लिहिलंय, त्यालाच हे करता येतं असं मला वाटतं. नुसता विनोदी नट असता तर पळण्यावर हशा घेऊन मोकळा झाला असता.

मधल्या काळात त्याने दोन सिनेमे दिग्दर्शितही केले, 1956 आणि 1960 मध्ये. दिग्दर्शक म्हणून गाडी पुढे गेली नाही. लोकांना त्याचे डोळे हवे होते, त्याचं लेखन नको होतं. याची त्याला किती खंत होती कोण जाणे. मला मात्र आहे.

मग दिग्दर्शक पिएत्रो जर्मीचे सिनेमे. ‘डिव्होर्स इटालियन स्टाइल’मध्ये नायक मास्त्रोयान्नीला बायकोपासून सुटका हवी असते, म्हणून तो तिचा जुना प्रियकर शोधून घरी आणतो. तो चित्रकार म्हणजे त्रिएस्ते. आणि ‘सिड्यूस्ड अँड अबँडन्ड’मधला (1964) बॅरन त्साप्पाला तर कळसच. खानदानी पण कफल्लक, तोंडात दात नाहीत, जीव द्यायला निघालेला. मोडलेलं लग्न सावरायला घायकुतीला आलेला मुलीचा बाप त्याला पकडून आणतो, खाऊपिऊ घालतो, दात बसवून देतो आणि जावई म्हणून उभा करतो. लाचारी आणि खानदानाचा ताठा एकाच मानेत कसा मावतो, ते बघावं. यासाठी त्याला सहायक अभिनेत्याचा नास्त्रो द’अर्जेन्तो हा इटालियन पुरस्कार मिळाला.

टीव्हीवरही तो होता. 1985 ची ‘क्वो व्हादिस’ मालिका, त्यात रोमन सम्राट नीरो झालेला क्लाउस मारिया ब्रांडाउअर सगळं खाऊन टाकतो. त्रिएस्ते तिथे किलो, बातम्या विकणारा लबाड ग्रीक. पुढच्या वर्षीच्या ‘द नेम ऑफ द रोझ’मध्ये फ्रान्सिस्कन साधू. हे दोन्ही बघितले नाहीत तरी चालतील.

‘सिनेमा पॅराडिसो’ मात्र बहुतेकांनी बघितलाय. चुंबन आलं की घंटा वाजवून तो भाग कापायला लावणारे फादर आदेल्फियो आठवतात? हाच तो! मी हा सिनेमा पहिल्यांदा बघितला तेव्हा मला पत्ताही नव्हता की घरमालक आणि फादर एकच. घंटा हातात धरून वाट बघणारा तो चेहरा नीट बघा. त्यात सोवळेपणा कमी, उत्सुकताच जास्त. फादर दुष्ट वाटत नाहीत, याचं अर्धं श्रेय पटकथेचं असेल, उरलेलं त्या डोळ्यांचं.

‘पॅराडिसो’चा दिग्दर्शक तोर्नातोरे, त्यानेच त्याला 1995 मध्ये ‘द स्टार मेकर’मध्ये घेतलं. रोमचा एक भामटा कॅमेरा घेऊन सिसिलीत गावोगाव फिरतो, स्टार बनवतो म्हणून स्क्रीन टेस्टचे पंधराशे लिरा उकळतो, आणि लोक कॅमेऱ्यापुढे आपलं काळीज उघडं करतात. त्यात त्रिएस्तेची भूमिका मार्तिनो या मुक्याची. या कामासाठी ऐंशीच्या उंबरठ्यावर त्याला दाविद दि दोनातेल्लो हा इटलीतला मोठा सिनेपुरस्कार मिळाला. ज्याची उमेद शब्दांवर जगायची होती, त्याला मोठा पुरस्कार मिळाला तो मुक्या म्हाताऱ्यासाठी. जानेवारी 2003 मध्ये रोममध्ये तो गेला.

डी निरोचे चाहते आता येतीलच अंगावर. या. पण आधी तो सीन आवाज बंद करून बघून या, आणि मग सांगा नजर कुणावर खिळली होती ते.