अननसाच्या गरम पाण्याने कॅन्सर बरा होत नाही

'अननसाचे दोन-तीन तुकडे कपात टाका, वर गरम पाणी ओता आणि रोज प्या, कॅन्सरच्या पेशी मरतात', असा संदेश व्हॉट्सॲपवर पुन्हा फिरतो आहे. हे खरं नाही.

अननसात ब्रोमेलेन असतं, म्हणजे प्रथिनं तोडणारी एन्झाइम्स. ताज्या अननसाने जीभ चुरचुरते त्यात त्याचाही वाटा आहे. कच्चा अननस घातलेलं श्रीखंड काही वेळाने कडवट लागतं, जिलेटिनची जेली सेट होत नाही, तेही त्याचंच काम. पण डब्यातला अननस घाला, जेली छान सेट होते. कारण डबाबंद करताना फळ तापवतात आणि उष्णतेने ब्रोमेलेन निकामी होतं. मग उकळत्या पाण्यातून कोणती जादू उतरणार?

ब्रोमेलेनचा औषधी उपयोग खोटा नाही. भाजलेल्या रुग्णांची मृत त्वचा काढायला त्यापासून बनवलेलं औषध डॉक्टर वापरतात. अमेरिकेत त्याला 2022 मध्ये मान्यता मिळाली. मात्र ते लागतं जखमेवर, आणि त्याचा कॅन्सरशी संबंध नाही.

असाच गरम नारळपाण्याचा संदेश 2019 मध्ये टाटा मेमोरियलच्या डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नावाने पसरला, तेव्हा रुग्णालयाने तो खोटा असल्याचं सांगितलं होतं.

अननस जरूर खा, क जीवनसत्त्व भरपूर मिळेल. (मधुमेह असेल तर बेताने, 100 ग्रॅममध्ये सुमारे 10 ग्रॅम साखर असते.) पण केमो सुरू असलेल्या कुणाला हा संदेश कृपया पाठवू नका. या आशेवर कुणी उपचार लांबवले, तर गेलेले महिने परत मिळत नाहीत.