वेबने महास्फोट खोटा ठरवलेला नाही

गेली दोन-तीन वर्षं टी.वाय.बी.एस्सी.ला विश्वरचनाशास्त्र शिकवायला घेतलं की पहिल्याच तासाला कुणीतरी मोबाइल पुढे करतं. मजकूर थोडाफार बदलतो, गाभा तोच: ‘जेम्स वेब दुर्बिणीने बिग बँग (महास्फोट) खोटा ठरवला. काहीच नसायला हवं तिथे पूर्ण वाढलेल्या दीर्घिका सापडल्या. शास्त्रज्ञ घाबरलेत. प्रकाश लांबून येताना थकतो म्हणून लाल दिसतो, विश्व प्रसरण पावतच नाही. आपल्या नारळीकरांनी हे आधीच सांगितलं होतं.’ परवा हाच मजकूर माझ्या भाच्याने पाठवला, खाली ‘खरं आहे का गं मावशी?’ असं विचारून. त्याचा प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून उत्तरही सविस्तर देते.

आधी ‘शास्त्रज्ञ घाबरलेत’ हे. वेबची पहिली चित्रं 12 जुलै 2022 ला आली आणि पुढच्याच महिन्यात ‘बिग बँग झालाच नाही’ असं सांगणारा एक इंग्रजी लेख जगभर फिरला. त्यात कॅन्सस विद्यापीठातल्या खगोलशास्त्रज्ञ अ‍ॅलिसन किर्कपॅट्रिक यांचं एक वाक्य वापरलं होतं: रात्री तीनला जागी असते आणि वाटतं, आजवर केलेलं सगळं चुकलं तर नाही ना. त्या बोलत होत्या पहिल्या दीर्घिकांबद्दलच्या आपल्या अंदाजांविषयी. आपल्या शब्दांचा विपर्यास झाल्याचं त्यांनी जाहीरपणे सांगितलं, ट्विटरवरच्या आपल्या नावातही ‘बिग बँग झाला’ असं घातलं. फॉरवर्डमध्ये यातलं काही येत नाही.

आता ‘पूर्ण वाढलेल्या दीर्घिका’. जेड्स-जीएस-झेड14-0 ही दीर्घिका घ्या. महास्फोटानंतर सुमारे 30 कोटी वर्षांनी ती जशी होती तशी आपल्याला दिसते. तिची रुंदी आहे साधारण 1,600 प्रकाशवर्षं. आपली आकाशगंगा 1,00,000 प्रकाशवर्षं रुंद आहे. हिला पूर्ण वाढलेली कसं म्हणायचं? इतक्या लवकरच्या काळात इतक्या तेजस्वी दीर्घिका असतील असं वाटलं नव्हतं, हे खरं. चिलीमधल्या अल्मा दुर्बिणीला हिच्यात अपेक्षेपेक्षा बराच जास्त ऑक्सिजनही सापडला. हे कोडं खरं आहे आणि ते मुलांपासून लपवू नये. पण वायूचे तारे किती झपाट्याने बनले, ते एकदम झुंडीने बनले का, काही प्रकाश ताऱ्यांचा नसून कृष्णविवराभोवतीच्या वायूचा आहे का, याबद्दलचं ते कोडं आहे. विश्व प्रसरण पावतंय की नाही हा प्रश्न त्यात येतच नाही.

उलट ही ‘30 कोटी वर्षं’ आली कुठून ते बघा. हायड्रोजनच्या प्रकाशातली एक ठळक रेषा प्रयोगशाळेत 121.6 नॅनोमीटरवर मिळते. या दीर्घिकेची रेडशिफ्ट, म्हणजे ताम्रसृती (प्रकाश लाल बाजूकडे किती सरकला त्याचं माप), 14.18 आहे. तिथून निघालेला प्रकाश आपल्यापर्यंत येईतो त्याहून एकने जास्त, म्हणजे 15.18 पट ताणला जातो. गुणाकार केला की येतात 1,846 नॅनोमीटर, म्हणजे थेट अवरक्त (इन्फ्रारेड). हबल दुर्बिणीची नजर 1,700 च्या आसपास संपते. वेब अवरक्त प्रकाशासाठी बांधली त्यामागचं मोठं कारण हेच. प्रसरण नाकारलं तर ते 30 कोटींचं वयही हातात राहत नाही, आणि मग ‘इतक्या लवकर कशी?’ हा आक्षेप कशावर उभा राहणार?

सगळ्या बातम्या टिकतात असंही नाही. 2022 मध्ये सीअर्स-93316 या दीर्घिकेची रेडशिफ्ट रंगांवरून 16 च्या वर धरली गेली. पुढे वर्णपट घेतला तर निघाली 4.9. धूळ आणि वायूच्या तेजस्वी रेषांनी रंग फसवे केले होते. ही चूक संशोधकांनी स्वतः मोजून काढली. ती मात्र कुणी फॉरवर्ड केली नाही.

‘स्फोट झाला तर केंद्र कुठंय?’ हा प्रश्नही ठरलेला. त्यासाठी मी शिवणाच्या दुकानातलं रुंद इलॅस्टिक वर्गात नेते. दर 5 सेंटिमीटरला पेनाने खूण करायची आणि दोन मुलांनी ते दुप्पट ताणायचं. कुठल्याही खुणेवरून मोजा: शेजारची खूण 5 सेंटिमीटर दूर गेली, त्यापलीकडची 10. प्रत्येक खुणेला वाटतं, सगळे माझ्यापासूनच पळतायत. केंद्र कुठेच नाही. ‘महास्फोट’ हा शब्दच मुलांना फटाक्याकडे नेतो, म्हणून तो फळ्यावर लिहायच्या आधी इलॅस्टिक ताणलेलं बरं.

फॉरवर्डमध्ये जिचा उल्लेखच नसतो ती गोष्ट म्हणजे आकाशाच्या सगळ्या दिशांनी येणारी सूक्ष्मलहरींची मंद ऊब, सुरुवातीच्या तापलेल्या विश्वाची उरलेली खूण. पेन्झियस आणि विल्सन या शास्त्रज्ञांना ती सापडल्याचं 1965 मध्ये प्रसिद्ध झालं. 1990 मध्ये कोबी उपग्रहाने तिचा वर्णपट दाखवला तो ब्लॅकबॉडीच्या, म्हणजे फक्त तापमानावर ठरणाऱ्या प्रकाशाच्या, वक्राशी अगदी चपखल जुळला. तापमान 2.725 केल्व्हिन. वेबच्या एकाही निरीक्षणाने याला धक्का लावलेला नाही.

राहता राहिले नारळीकर. 20 मे 2025 ला ते गेले, आणि त्यांचं नाव असं वापरलेलं बघून मला फार वाईट वाटतं. महास्फोटावर त्यांचे आक्षेप होते, ते गंभीर होते आणि त्यांनी ते आयुष्यभर मांडले. हॉईल आणि बर्बिज या खगोलशास्त्रज्ञांबरोबर 1993 मध्ये त्यांनी पर्यायी सिद्धांतही दिला. पण त्या सिद्धांतातही विश्व आज प्रसरण पावतंच! ‘प्रसरण नाहीच’ या दाव्याला त्यांचं नाव चिकटवणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. बहुतेक शास्त्रज्ञांना त्यांचा पर्याय पटला नाही, आणि त्याचं मुख्य कारण ही सूक्ष्मलहरींची ऊब होती.

थकलेल्या प्रकाशाचं म्हणाल तर थकल्याने प्रकाश लाल होईल, पण घटना संथ होणार नाहीत. दूरचे सुपरनोव्हा, म्हणजे ताऱ्यांचे स्फोट, रेडशिफ्टच्या प्रमाणातच संथपणे उजळताना आणि विझताना दिसतात. 2024 मध्ये 1,504 सुपरनोव्हांवर हे तपासलं गेलं. दुसरा पुरावा तर आपल्या पुण्याचाच आहे. नारळीकरांनी उभारलेल्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतले श्रीआनंद आणि त्यांचे सहकारी यांनी 2008 मध्ये चिलीतल्या दुर्बिणीने 2.418 रेडशिफ्टच्या एका वायूत कार्बन मोनॉक्साइडचे रेणू शोधले. रेणू कसे फिरतायत त्यावरून तेव्हाच्या विश्वाची ऊब कळते. ती निघाली 9.15 केल्व्हिन, चुकीची मर्यादा 0.7 च्या आसपास.

विश्व प्रसरण पावत असेल तर तेव्हाची ऊब आजच्यापेक्षा रेडशिफ्ट अधिक एक, म्हणजे 3.418 पट असायला हवी. भाच्याला मी एवढंच गणित करायला सांगितलं: आजचे 2.725 घे, 3.418 ने गुण, आणि काय येतं ते मला कळव.