'ताटातले सगळे चालते' हे कुत्र्याच्या बाबतीत खरे नाही

"पाकिटातले खाद्य बंद करा. गावाकडची कुत्री पिढ्यानपिढ्या दूध-भाकरी, आमटी-भात आणि मटणाच्या हाडांवर जगली. आपल्या ताटातले सगळे कुत्र्याला चालते, लसणाने जंत पडतात आणि मांस दिले की वेगळे काही लागत नाही," असा मजकूर सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे. कुत्र्यासाठी घरी शिजवायला माझा विरोध नाही, मी स्वतः ते करते. पण या मजकुराबरहुकूम शिजवले तर मात्र कुत्रे आजारी पडेल.

भाकरी-भाताचे विधान अर्धे बरोबर आहे. पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात कितीतरी अधिक असतात, हे २०१३ साली स्वीडनमधील संशोधकांनी दाखवून दिले. तथापि 'गावची कुत्री जगली' हा पुरावा नव्हे, कारण जी लवकर मेली त्यांचा हिशेब कोणी ठेवला नाही; शिवाय ती कुत्री केवळ भाकरीवर नव्हे, तर उकिरडा, उंदीर-घुशी आणि खाटकाकडचे तुकडे यांवरही पोट भरत. दुधाचे म्हणाल, तर पुष्कळ प्रौढ कुत्र्यांना त्यातली साखर पचत नाही आणि जुलाब होतात.

खरी गोम आमटीत आहे. कांदा-लसणातील गंधकयुक्त संयुगांमुळे कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात, हा दोष शिजवल्याने जात नाही आणि वाळवून कुटलेल्या कांदा-लसूण मसाल्यात तर तो अधिक एकवटलेला असतो. दर किलो वजनामागे १५ ते ३० ग्रॅम कांदाही अपाय करण्यास पुरेसा ठरतो. हिरड्या फिकट पडणे, लघवी तांबूस होणे ही लक्षणे बहुधा काही दिवसांनी दिसतात, त्यामुळे रविवारच्या रश्श्याचा संबंध गुरुवारच्या आजाराशी कोणी जोडत नाही. चिंचेकडे तर कोणाचेच लक्ष नसते. द्राक्षे आणि मनुकांमुळे कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होतात आणि त्यामागे टार्टारिक आम्ल असावे असा पशुवैद्यांचा सध्याचा कयास आहे. तेच आम्ल चिंचेत भरपूर असते आणि चिंच खाल्ल्यानंतर मूत्रपिंडे बिघडलेल्या कुत्र्यांची नोंदही झालेली आहे. म्हणून कुत्र्याच्या वाटणीचे वरण फोडणी पडण्यापूर्वी, कुकरमधूनच वेगळे काढावे.

लसणाने जंत पडतात याला आधार नाही. वजन पाहून पशुवैद्याने दिलेली जंताची गोळीच द्यावी. मटणाचे हाड शिजले की ठिसूळ होते, त्याच्या कपच्या घशापासून आतड्यापर्यंत कोठेही रुतू शकतात.

मांसाविषयीचे विधान मला सर्वांत घातक वाटते, कारण ते ऐकायला पटते. १०० ग्रॅम बिनहाडाच्या कोंबडीत फॉस्फरस सुमारे २०० मिलिग्रॅम, तर कॅल्शियम जेमतेम १०-१५ मिलिग्रॅम असते. कुत्र्याच्या आहारात मात्र कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा कमी असून चालत नाही. ही तूट शरीर स्वतःच्या हाडांतून भरून काढते, म्हणजे वाटीभर चिकन रोज आवडीने खाणाऱ्या कुत्र्याचा जबडा आतून मऊ होत जातो आणि बाहेरून त्याची कातडी तुकतुकीत दिसत राहते. आमच्याकडे अंड्याची टरफले उकळून, वाळवून, मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात बोटाला कचकच लागेनाशी होईपर्यंत दळतात. त्या भुकटीचा सपाट अर्धा चहाचा चमचा म्हणजे साधारण १ ग्रॅम कॅल्शियम, आणि १० किलोच्या प्रौढ कुत्र्याची रोजची गरज साधारण तेवढीच असते.

एवढ्यानेही आहार पूर्ण होत नाही. जस्त, आयोडीन, ड आणि ई जीवनसत्त्वे राहतातच. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यकांनी २०१३ साली कुत्र्यांसाठीच्या २०० पाककृती तपासल्या, तेव्हा त्यांपैकी ९५ टक्क्यांत किमान एक आवश्यक घटक कमी भरला, आणि यांतल्या अनेक कृती पुस्तकांत छापलेल्या होत्या. त्यामुळे कृती पशुआहारतज्ज्ञाकडून एकदा लिहून घ्यावी आणि मग प्रत्येक जिन्नस वजनकाट्यावर मोजूनच घालावा. चिकन महागले म्हणून त्याच्या जागी बटाटा वाढवला की ती कृती उरतच नाही. पिलांना, विशेषतः मोठ्या जातीच्या, टरफलाचे वरील माप लावू नये, कारण त्यांच्या वाढत्या हाडांना कॅल्शियमची कमतरता बाधते तशीच अतिरेकही बाधतो.