खाडी मेलेली नाही, तिच्यात वल्हीही चालतात

इटलीतल्या लिव्होर्नो या बंदर-शहरात दर उन्हाळ्यात शहराच्या जुन्या वस्त्यांची वल्ह्यांची शर्यत होते. तिच्या एका व्हिडिओखाली लिहिलेला मजकूर सध्या ठाण्या-नवी मुंबईच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरतो आहे. कोणीतरी विचारलं होतं, की आपल्या कोळीवाड्यांमध्ये अशी शर्यत का होऊ नये? त्यावरचं उत्तर असं: ‘ठाण्याची खाडी मेली आहे. गाळामुळे होडीपुरतंही पाणी नाही. वल्ह्यांच्या शर्यती केरळच्या, आपल्या नाहीत. आता सगळे इंजिनवाले, वल्हवणार कोण? शिवाय फ्लेमिंगो उडून जातील आणि वाड्यावाड्यांत मारामाऱ्या होतील.’ हा मजकूर शेकडो लोकांनी पुढे पाठवला, त्यांत आमच्या ओळखीचेही आहेत. म्हणून त्याचं उत्तर नीट द्यायला हवं.

खाडी मेली, हे पहिलं वाक्य सगळ्यांत घातक आहे. खाडी आजारी आहे, हे मान्य. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांचं पाणी आणि शहरांचा मैला तिने वर्षानुवर्षं पोटात घेतला. मासळी कमी झाली, काही जाती दिसेनाशा झाल्या. पण बेलापूरजवळच्या दिवाळे कोळीवाड्याच्या धक्क्यावर सकाळी उभे राहा. होड्या लागतात, कोळंबी उतरते, चिंबोऱ्या उतरतात, आणि जिताडा मिळाला तर त्याचा भाव आधी विचारला जातो. मेलेल्या पाण्यातून हे येत नाही. 2022 साली याच खाडीला रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांमध्ये, स्थान मिळालं. एकदा ‘मेली’ म्हटलं की भराव टाकायला कोणाची हरकत राहत नाही. डेब्रिजचे डंपर रात्री कांदळवनाशी रिकामे होतात ते याच समजुतीच्या आधाराने. म्हणून मला या वाक्याचा राग येतो.

‘होडीपुरतं पाणी नाही’ हे ओहोटीच्या वेळी पुलावरून खाली पाहणाऱ्याचं मत आहे. गाळ खरा आहे, आणि ठाण्याच्या टोकाकडे खाडी फार उथळ झाली आहे. पण इथलं पाणी दिवसातून दोनदा चढतं आणि दोनदा उतरतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तेव्हा चढउतार कमी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा मुंबईच्या किनाऱ्यावर भरती आणि ओहोटीच्या पातळीत चार मीटरहून अधिक फरक पडतो. भरतीची वेळ काढायचा जुना हिशोब किनाऱ्यावरच्या माणसांना तोंडपाठ असतो: तिथीची पाऊणपट. पौर्णिमेची तिथी 15, पाऊणपट केली की सव्वाअकरा. खाडीत आतपर्यंत पाणी पोहोचायला थोडा उशीर लागतो, म्हणजे भर दुपारी खाडी तुडुंब. आता नारळी पौर्णिमा कधी येते पाहा. श्रावणातलं उधाण, दुपारची भरती, आणि सगळे कोळीवाडे त्या दिवशी आधीच किनाऱ्यावर. शिवाय भरती पूर्ण झाल्यावर पाणी लगेच खाली कोसळत नाही. पहिल्या तासात एकूण फरकाचा साधारण बारावा भागच उतरतो, म्हणजे जेमतेम फूटभर. शर्यतीला तासभर पुरे झाला. वाशीच्या बाजूला खाडी रुंद आहे, एका रांगेत होड्या उभ्या करायला तिथे अडचण नाही.

परंपरेचं म्हणाल तर केरळचं उदाहरण देणाऱ्यांनी तिथलीच एक तारीख बघावी. अलप्पुळाच्या पुन्नमडा तलावावरची प्रसिद्ध नेहरू ट्रॉफी 1952 मध्ये नेहरूंच्या भेटीतून सुरू झाली. होड्या आणि त्या वल्हवायची रीत त्याहून जुनी, पण ही स्पर्धा आपल्या आजी-आजोबांच्या हयातीतली. इटलीतच ला स्पेझियाच्या आखातातल्या 13 वस्त्यांची शर्यत 1925 पासूनची. परंपरा कोणीतरी एका वर्षी सुरू करतो आणि पुढचे ती सोडत नाहीत. मूळ लागतं ते पाण्यावरच्या कामाचं, आणि ते आपल्याकडे भरपूर आहे. शिलाहारांच्या काळापासून ठाणे हे बंदर. शिवाजी महाराजांनी 1657 मध्ये कल्याण-भिवंडी घेतल्यावर जहाजं बांधायला सुरुवात झाली ती शेजारच्याच खाडीत. आणि इंजिनं येण्याआधी इथली प्रत्येक होडी वल्ह्यावर, शिडावर किंवा काठीने रेटत चालायची.

लिव्होर्नोची गोष्ट या बाबतीत मला फार जवळची वाटते. तिथले काही बंदर-कामगार, ज्यांना रिसिकातोरी म्हणत, जहाज दिसलं की वल्ही मारत खुल्या समुद्रात जायचे. जी होडी आधी पोहोचेल तिला माल उतरवायचं काम मिळायचं. हरलेले रिकाम्या हाताने परत. त्यांच्या आठवणीत आजही तिथे समुद्रातल्या मेलोरियाच्या बुरुजापासून बंदरापर्यंत दहा वल्ह्यांच्या होड्यांची शर्यत होते. लिव्होर्नोत आज जहाजाला गाठायला कोणी वल्ही मारत नाही. वस्तीतली पोरं कामधंदा सांभाळून सराव करतात.

म्हणून ‘वल्हवणार कोण’ याचं उत्तर त्यातच आलं. आपल्या खाडीत आजही लहान होड्या हाताने चालवणारे आहेत. वाड्यातल्या ज्येष्ठ तांडेलांना, म्हणजे होडीच्या प्रमुखांना, पाणी वाचता येतं, ते मुलांना शिकवतील. त्यांच्या हातातलं कसब त्यांच्याबरोबर जाऊ द्यायचं नसेल तर हीच वेळ आहे.

फ्लेमिंगोंची काळजी मात्र योग्य आहे, तिला उडवून लावणार नाही. 2015 मध्ये जाहीर झालेलं अभयारण्य ऐरोली आणि वाशीच्या पुलांच्या दरम्यान आहे. पक्षी हिवाळ्याच्या सुरुवातीला येतात आणि बहुतेक थवे पावसाळ्याआधी निघून जातात, तर नारळी पौर्णिमा ऐन पावसाळ्यात. शर्यत वाशीच्या पुलाच्या दक्षिणेला, सारसोळे-दिवाळ्याच्या बाजूला ठेवली तर अभयारण्याच्या पाण्यात शिरावं लागत नाही. तरीही वनविभाग आणि मेरीटाइम बोर्डाला विचारूनच करावी. इंजिनाच्या होड्या फक्त बचावासाठी, प्रत्येकाला लाइफ जॅकेट, आणि डीजे नको.

राहिल्या मारामाऱ्या. ठाण्याच्या चेंदणीपासून दिवाळ्यापर्यंतचे वाडे एकमेकांचे सोयरे आहेत. एका वाड्याची लेक दुसऱ्याची सून आहे, आणि होडी हरली तर ती कोणाच्या बाजूने ओरडत होती हे दोन्ही घरांत वर्षभर विचारलं जाईल.