कपाशीचं औषध कुत्र्याच्या अंगावर टाकू नका

‘घरात कुत्रा, तरी घर चकाचक’ असा एक मेसेज गावोगावच्या ग्रुपांवर फिरतो आहे. काल तो वहिनींच्या फोनवर आला आणि त्यांनी विचारलं, फवारणीचं औषध उरलंय, आंघोळीच्या बादलीत किती टाकू? आता गप्प बसवत नाही.

मेसेजचा पहिलाच सल्ला हा: गोचिड जात नसतील तर कपाशीचं उरलेलं औषध झाकणभर पाण्यात मिसळा आणि कुत्रा धुऊन काढा. लिहिणाऱ्याने बाटलीवरचं लेबल कधी वाचलेलं नाही. कीटकनाशक नियम, 1971 प्रमाणे प्रत्येक बाटलीवर विषाची तीव्रता सांगणारा रंग असतो. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. सोबत पीक, कीड, मात्रा आणि विषबाधेवरचा उतारा छापलेला असतो. त्यात कुत्रा कुठे आहे ते दाखवा. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात याच फवारणीच्या विषबाधेने 20 हून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. तेच विष लेकरं ज्याच्या गळ्यात पडतात त्या जनावराला चोळायचं?

कपाशीवर मारतात ते प्रोफेनोफॉससारखं औषध कातडीतून आत शिरतं. वरून कुत्रा अंग चाटतो, म्हणजे पोटातही जातं. लाळ गळते, बुबुळं बारीक होतात, अंग थरथरतं, मग श्वास अडतो. कोणी टाकून बसलंच असेल तर हातमोजे घालून साबण आणि भरपूर पाण्याने धुवा, उलटी करवू नका, आणि बाटली सोबत घेऊन थेट पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. उतारा म्हणून अ‍ॅट्रोपिनचं इंजेक्शन डॉक्टरच देतील.

असं विष टाकूनही गोचिड जात नाहीत, कारण ते अर्ध्याहून जास्त आयुष्य कुत्र्यावर नाही, घरात काढतात. रक्त पिऊन फुगलेली मादी खाली उतरते आणि भिंतीच्या भेगेत, चौकटीमागे, खाटेच्या सांध्यात हजारो अंडी घालते. म्हणून भेगा माती-शेणाने किंवा सिमेंटने बुजवा, चुना मारा, खाट बाहेर काढून सांध्यांवर उकळतं पाणी ओता. अंगावरचा गोचिड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा आणि साबणाच्या पाण्यात टाका. बोटांनी चिरडू नका. कान आणि पायाच्या बोटांमधल्या सांदी रोज पाहा. औषध हवं तर कुत्र्यासाठीचं, वजन सांगून डॉक्टरांकडून घ्या; अफॉक्सोलानेरची गोळी महिनाभर चालते. अंडी उशिरा फुटतात, तेव्हा भेगांची झाडलोट दोन-तीन महिने दर आठवड्याला करावीच लागते.

दुसरा सल्ला: मुताच्या जागी ब्लीचिंग पावडर आणि लिंबू. ब्लीचिंगमध्ये आंबट पडलं की क्लोरीन वायू सुटतो, आणि मुतातल्या अमोनियाशीही त्याचा घशाला झोंबणारा वायू होतो. शिवाय शहाबादी फरशी चुनखडीची, लिंबू तिला खातं. आधी फडक्याने टिपून घ्या, कपडे धुण्याच्या पावडरच्या पाण्याने धुवा, कोरडं करा, वर खायचा सोडा भुरभुरून रात्रभर ठेवा. सारवणाची जमीन असेल तर वरचा अर्धा इंच थर खरवडून फेका, नवी माती ठोका, मग सारवा. ओल्या मुतावरच सारवलं तर वास आत कोंडतो आणि पावसाळ्यात परत उठतो.

फिनाईल आणि डांबरगोळ्या नकोतच. ओल्या फिनाईलवर कुत्रा चालतो आणि पाय चाटतो. डांबरगोळी गिळली तर रक्तपेशी फुटतात.

पोतं-गोधडी उन्हात टाका, हे मात्र मेसेजने बरोबर सांगितलं. पण आधी गरम पाण्यात धुवा, आणि वाळायला खडकावर किंवा पत्र्यावर टाका, परसातल्या गवतावर नको. रोजची आंघोळ सोडा; त्याने कातडी कोरडी पडून खाज सुटते. महिन्यातून एकदा कुत्र्याच्या शाम्पूने घाला, आणि एरवी रोज पाच मिनिटं अंगणात, घराबाहेर, कंगवा फिरवा.