तीनशेच्या वर एक युनिट गेलं म्हणून सगळं बिल वाढत नाही

मार्च सरत आला की पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर ‘उन्हाळ्यात वीजबिल निम्मं करा’ असा एक मेसेज फिरायला लागतो. खाली कुणा निवृत्त अभियंत्याचा हवाला असतो, नाव मात्र नसतं. दावे साधारण असे: महिन्याला ३०० युनिटच्या वर एक जरी युनिट गेलं तरी सगळ्या युनिटांना वरचा दर लागतो. एसी बंद-चालू करण्यापेक्षा दिवसभर चालू ठेवला तर वीज कमी लागते. पंखा एकवर लावा की पाचवर, वीज तेवढीच जाते, म्हणून तो बंदच ठेवलेला बरा. घरातली निम्मी वीज चार्जर आणि टीव्हीचे लाल दिवे खातात. फ्रिज रात्री बंद ठेवा. प्लगमध्ये लावायचं ‘वीज बचत यंत्र’ आणा. आणि एवढं करूनही बिल जास्त आलं तर मीटर बिघडलाय असं समजा, बिल भरूच नका.

पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, त्याबद्दल शंका नाही. पण यातला जवळजवळ प्रत्येक दावा चुकीचा आहे. त्यातले दोन-तीन तर माणसांना त्रासात टाकणारे आहेत, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

सुरुवात ३०० युनिटांपासून. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांचे आहेत: १ ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे. टप्पा ओलांडला की वरचा दर फक्त वरच्या युनिटांना लागतो. खालची १०० युनिटं पहिल्याच दराने राहतात, पुढची २०० दुसऱ्या दराने. २०२४-२५ चं दरपत्रक घेऊ. पहिल्या टप्प्याला युनिटमागे ४.७१ रुपये, दुसऱ्याला १०.२९, तिसऱ्याला १४.५५. शिवाय प्रत्येक युनिटवर १.१७ रुपये वहन आकार (वीज घरापर्यंत आणण्याचा खर्च) आणि एकूण रकमेवर १६ टक्के वीज शुल्क. म्हणजे ३०१ वं युनिट जळलं तर बिल वाढतं सव्वाअठरा रुपयांनी. बस, एवढंच. दर पुढे बदलत राहतात, चालू दर बिलावर छापलेले असतात, पण टप्प्यांची ही रीत तीच आहे. ठरावीक युनिटांच्या वर गेलं की सगळ्याच युनिटांना एकच चढा दर लावायची पद्धत केरळात आहे, तिथे ही मर्यादा महिन्याला २५० युनिटांची. आपल्याकडे तसं नाही.

हे एवढं ताणून सांगण्याचं कारण आहे. आमच्या शेजारच्या इमारतीत एक आजी भर दुपारी पंखा बंद करून, पदराने वारा घेत बसलेल्या मी पाहिल्या. नातवाने रीडिंग वजा करून या महिन्याची २९४ युनिटं झाल्याचं सांगितलं होतं आणि मेसेज त्यांनी वाचलेला होता. आठवडाभर पंखा लावला असता तर दहा-एक युनिटं गेली असती. तीनशेच्या वरची चार, म्हणजे त्यांचे मिळून पाऊणशे रुपये. तेवढ्यासाठी पंचाहत्तरीतल्या बाईने उकाड्यात बसायचं?

मात्र टप्प्यांमुळे एक गोष्ट खरंच घडते आणि ती या मेसेजमध्ये कुठेच नाही. हिवाळ्यात १४० युनिटं जाळणाऱ्या घराचं बिल २०२४-२५ च्या त्याच दरांनी, दरमहाचा स्थिर आकार आणि इंधनखर्चापोटी लागणारं इंधन समायोजन सोडून, सुमारे १,२१४ रुपये होतं. मे महिन्यात त्याच घरात ३३० युनिटं गेली तर सुमारे ३,८८८. युनिटं सव्वादोन पटींच्या थोडी वर, पैसे तिपटीहून जास्त. ‘मीटर पळतोय’ असं वाटतं ते बहुतेक वेळा यामुळे. याची दुसरी बाजू कामाची आहे: वाचवलेलं प्रत्येक युनिट सगळ्यात महागड्या टप्प्यातून कमी होतं. या दरांनी डिसेंबरात एक युनिट वाचवून तेरा रुपये सुटतात, मेमध्ये तेच अठरा होतात. म्हणून बचत कुठे करायची हे नीट कळलं पाहिजे.

ते कळायला मीटरच पुरेसा आहे. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी एक आकडा छापलेला असतो. बऱ्याच मीटरवर तो ३२०० असतो, म्हणजे ३२०० लुकलुकी झाल्या की एक युनिट. तुमच्या मीटरवर जो असेल तो धरा. घरातली बाकी सगळी बटणं बंद करून एकच वस्तू चालू ठेवायची आणि मिनिटभर मोजायचं. ३२०० च्या मीटरवर जुना ७५ वॉटचा पंखा मिनिटाला चारदा दिवा लुकलुकवतो. पूर्ण जोरात चाललेला दीड टनी एसी ऐंशीच्या घरात नेतो. फोन न जोडलेला चांगला चार्जर? त्याला एका लुकलुकीला तीन-तीन तास लागतात. चार्जरचा मुद्दा इथेच मिटला. टीव्हीच्या लाल दिव्याचंही तेच. हां, सेट-टॉप बॉक्स वेगळा. रिमोटने बंद केला तरी तो बहुधा दहा-एक वॉट खातच राहतो आणि महिन्याकाठी सात युनिटं होतात. तेवढ्याचं बटण रात्री बंद करा.

आता एसी. ‘बंद-चालू केल्याने जास्त वीज लागते’ हे ऐकायला पटतं, कारण कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर जास्त प्रवाह ओढतो. पण तो क्षणभरच, आणि मीटर ऊर्जा मोजतो, त्या क्षणाची वीज युनिटात नावापुरतीही भरत नाही. खरा खर्च बाहेरून आत येणाऱ्या उष्णतेचा असतो. आतबाहेरच्या तापमानात जेवढा फरक, तेवढी उष्णता आत शिरते. गळक्या पिंपासारखं आहे हे: पाणी जितकं वरपर्यंत भरून ठेवाल तितकी गळती जोरात. एसी बंद केला की खोली तापते, आत येणारी उष्णता कमी होत जाते. परत लावल्यावर जी काढावी लागते ती दिवसभर काढत बसलो असतो त्याहून कमीच भरते. म्हणून दोन-चार तास खोलीत कुणी नसेल तर एसी सरळ बंद करा. दहा मिनिटांसाठी उठलात तर राहू द्या, त्यात हाती काही लागत नाही.

एसीबद्दल एक गोष्ट मात्र खरी आहे आणि ती मान्य करायला हवी: तापमान वर ठेवल्याने वीज वाचते. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या अंदाजाने एक अंश वर नेला की सुमारे सहा टक्के. म्हणूनच १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलवाले नवे एसी सुरू होताना २४ अंशांवर सुरू होतील असं बंधन आलं. २६-२७ वर एसी आणि जोडीला हळू पंखा, यात झोप छान लागते. १८ वर लावला म्हणून खोली लवकर गार होत नाही, फक्त मशीन थांबायचं नाव घेत नाही.

आपला एसी किती खातो हे त्याच्या लेबलवरच असतं. तिथला वार्षिक युनिटांचा आकडा १६०० तासांच्या वापराचा आहे. समजा ९६० लिहिलंय, तर तासाला सरासरी ०.६ युनिट. रोज आठ तास लावला तर महिन्याला १४४. मे महिन्याचं बिल का फुगलं याचं उत्तर बहुतेक घरांत या एका ओळीत मिळतं. जाळी दर पंधरवड्याला धुतली, दाराखालच्या फटीला पट्टी लावली आणि पहाटे चारला बंद होईल असा टायमर लावला, तर यातला चांगला हिस्सा वाचतो. पुण्यात पहाटेची हवा मे महिन्यातही बऱ्यापैकी उतरते, तेव्हा खिडक्या उघडायच्या.

पंख्याचा दावा जुन्या काळातून आलाय. भिंतीवरच्या त्या मोठ्या डब्याच्या रेग्युलेटरमध्ये वेग कमी केला की उरलेली वीज बरीचशी उष्णता होऊन जायची. तो डबा गरम लागायचा, आठवत असेल. आजच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरवर वेग कमी केला की वीजही कमी जाते. मीटरसमोर उभं राहून बघा, कळेल. पण यापुढची गोष्ट जास्त महत्त्वाची. ७५ वॉटचा जुना पंखा रोज वीस तास चालला तर महिन्याला ४५ युनिटं. बीएलडीसी (बिनब्रशच्या, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा तेवढाच वारा तीसेक वॉटमध्ये देतो, म्हणजे १८ युनिटं. पंख्यामागे २७ युनिटं वाचली, दुसऱ्या टप्प्याच्या त्याच २०२४-२५ च्या दराने साडेतीनशे रुपयांवर. पुण्यात विजेच्या वस्तूंचा बाजार असलेल्या तपकीर गल्लीत चार दुकानं हिंडून घेतलात तर पंख्याचे पैसे दोन उन्हाळ्यांत सहज वसूल होतात. आधी सगळ्यात जास्त तास फिरणारा पंखा बदला, बहुधा तो आजी-आजोबांच्या किंवा बाळाच्या खोलीतला असतो.

पंखा खोली गार करत नाही, अंगावरचा घाम सुकवतो. रिकाम्या खोलीतला पंखा जरूर बंद करा. माणसावरचा करू नका. पारा चाळिशीच्या वर गेला तर मात्र नुसत्या पंख्यावर विसंबू नका, वयस्कर माणसांच्या अंगावरून ओला पंचा फिरवा आणि पाणी देत राहा.

फ्रिज रात्री बंद ठेवण्याने थोडी वीज वाचेल हे खरं, कारण आतला गारवाच जातो. पण फ्रिज घेतला कशासाठी? मेमध्ये सहा तास बंद ठेवल्यावर दूध, डोशाचं पीठ, लहान मुलांची औषधं यांची हमी कोण देणार? साधा २५०-३०० लिटरचा बऱ्या स्टारचा फ्रिज महिन्याला वीस युनिटांच्या आसपास घेतो आणि रात्री तर सगळ्यात कमी. त्यापेक्षा दाराच्या रबरात कागद अडकवून ओढून बघा. सहज निघाला तर रबर बदला. मागे भिंतीपासून वीतभर जागा सोडा, आमटी निवल्याशिवाय आत ठेवू नका.

‘वीज बचत यंत्रा’वर पैसे घालवू नका. त्या डबीत सहसा एक कपॅसिटर आणि एक हिरवा दिवा असतो. कपॅसिटरने पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेतला प्रत्यक्ष कामी येणारा हिस्सा) सुधारू शकतो, कारखान्यांना त्याचा फायदा असतो. पण आपल्या साध्या घरगुती जोडणीचं बिल प्रत्यक्ष वापरलेल्या युनिटांवर येतं, ती या डबीने कमी होत नाहीत. कुणी आणलीच असेल तर पंखा लावून मिनिटभर लुकलुकी मोजा, मग डबी लावून परत मोजा. आकडा तोच येईल.

एसी परवडत नसेल तर कूलरचा विचार करा असं कुठल्याच मेसेजमध्ये सांगत नाहीत, आणि पुण्याला तो फार चांगला मानवतो. एप्रिल-मेच्या दुपारी इथली हवा कोरडी असते, कूलर कोरड्या हवेतच काम करतो, तेही दीड-दोनशे वॉटमध्ये. फक्त समोरची खिडकी उघडी हवी, नाहीतर खोलीत नुसता दमटपणा साठतो. टाकीतलं पाणी आठवड्याला बदला, डेंग्यूचे डास तिथेच होतात. वळीव पडून हवा दमट झाली की त्याचा उपयोग संपतो. वरच्या मजल्यावर राहत असाल तर उन्हाळ्याआधी गच्चीला पांढरा रंग किंवा चुना मारून घ्या आणि पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून चिक (बांबूच्या काड्यांचा पडदा) लावा. आतला पडदा ऊन आत आल्यावर अडवतो, चिक ते काचेपर्यंत पोचूच देत नाही.

शेवटचा दावा सगळ्यात धोक्याचा: बिल भरू नका. बिल खटकलं तर आधी त्यावरचं मागचं आणि चालू रीडिंग मीटरशी ताडून पाहा. किती दिवसांचं बिल आहे तेही बघा, रीडिंग उशिरा घेतलं की युनिटं जास्त दिसणारच. मागच्या महिन्यात घर बंद म्हणून सरासरी बिल आलं असेल तर त्याची भरपाई या महिन्यात होते. तरीही जुळत नसेल तर लेखी तक्रार करा, पोच घ्या, शुल्क भरून मीटर तपासून मागा. तिथे समाधान झालं नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे, त्यापुढे विद्युत लोकपाल. पण बिल न भरता बसलात तर विद्युत कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे पंधरा दिवसांची नोटीस देऊन वीज तोडता येते. त्याच कलमात ग्राहकाची सोयही आहे: वाद असेल तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीइतकी रक्कम, यातली जी कमी असेल ती ‘हरकत नोंदवून’ भरा. मग वाद मिटेपर्यंत जोडणी तोडता येत नाही. भरताना तसं लेखी द्या आणि त्याची प्रत बिलाला टाचून ठेवा.