पहिल्या वर्षी फक्त ९९ रुपये

मामीच्या भाजणी-मेतकुटाला वेबसाइट हवी होती. मागणी साधी: चार फोटो, भाव, फोन नंबर आणि 'पैसे फार जाता कामा नयेत'. घरात कॉम्प्युटरपुढे बसणारा मी एकटाच. त्यामुळे प्रिंटर अडो की वेबसाइट काढायची असो, खातं माझ्याकडे.

मित्र म्हणाला, "वर्डप्रेस घे, फुकट असतं." वर्डप्रेस म्हणजे वेबसाइट बनवायचं सॉफ्टवेअर. खरंच फुकट असतं, २००३ पासून आहे. फक्त ते ठेवायला होस्टिंग, म्हणजे इंटरनेटवरची जागा लागते, आणि ती विकत. शिवाय वर्डप्रेस डॉट ऑर्ग आणि वर्डप्रेस डॉट कॉम ही दोन निराळी प्रकरणं. ऑर्गवरून सॉफ्टवेअर उतरवून घ्यायचं नि पुढचं आपलं आपण निस्तरायचं. कॉमवाले सगळं सांभाळतात, पण मनासारखं काही करायचं म्हटलं की पैसे मागतात. हे मी मामाला समजावून सांगत होतो. तो मध्येच उठून झाडांना पाणी घालायला गेला.

मग होस्टिंगचे भाव बघितले. ठळक अक्षरांत 'महिना ६९ रुपये', आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत 'चार वर्षांचे एकदम भरल्यास'. वर १८ टक्के जीएसटी. डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, फक्त ९९ रुपयांत. मामीने चष्मा लावला.

"पहिल्या वर्षी ९९. दुसऱ्या वर्षी?"

"हजाराच्या घरात."

"असा धंदा मी केला असता तर गल्लीतून फिरायची सोय राहिली नसती."

मग 'कोडिंग नको, नुसतं ओढा आणि सोडा' म्हणत वेबसाइट जुळवून देणाऱ्यांच्या पंथाकडे वळलो. इथल्या फुकट योजनेत आपल्या भाजणीच्या डोक्यावर त्यांची जाहिरात असते, ती काढायची तर महिन्याचं भाडं. टेम्प्लेट, म्हणजे पानांचे तयार साचे, मात्र शेकडो, आणि बहुतेकांत एक गोरी बाई लॅपटॉपपुढे कॉफी पीत हसत बसलेली. "ही कोण?" मामीने विचारलं. नमुना आहे म्हटलं. "तिला उठव आधी."

बाई उठली, पण मराठी बसेना. टेम्प्लेट इंग्रजीच्या मापाने बेतलेली. शीर्षकातली अक्षरं ऐसपैस पसरावीत अशी त्यात सोय, त्यामुळे 'भाजणी'ची शिरोरेषा मोडून भा, ज आणि णी वेगवेगळे राहू लागले. ओळींतलं अंतर इतकं कमी की वेलांट्या वरच्या वर छाटलेल्या. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट करणाऱ्या मंडळींचा मुक्ता हा फॉन्ट फुकट मिळतो. तो घातला, अक्षरांमधलं अंतर शून्य केलं, तेव्हा मेतकूट वाचता येण्याजोगं झालं. पण भाडं भरायला मामी तयार नव्हतीच.

अखेर गूगल साइट्स, म्हणजे गूगलचीच वेबसाइट बनवायची सोय. फुकट, जाहिरात नाही, आणि करता येण्यासारखं फारसं काही नाही, म्हणून काम एका दुपारीत उरकलं. पत्ता मात्र एवढा लांब की पुडीच्या लेबलवर मावेना. मामीने कुरकुरत डोमेन घेतलं आणि पुढच्या वर्षीचा आकडा कॅलेंडरवर गॅसच्या तारखेशेजारी लिहून ठेवला.

दुसऱ्याच दिवशी फोन वाजला. पलीकडचा विचारत होता, "मॅडम, स्वस्तात वेबसाइट करून हवी आहे का?" मामीने त्याला अर्धा किलो भाजणी विकली. कुरियरचे वेगळे, आणि सगळे आगाऊ.